जुनी बुलेट, नवे टायर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रविवारी सकाळी सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात पाच-दहा मिनिटे उभे राहिले, की नव्या गाड्यांच्या गर्दीतून एखाद्या जुन्या बुलेटचा तो ओळखीचा ठोका ऐकू येतोच. कुणाची वडिलांनी जपलेली, कुणाची सासऱ्यांकडून आलेली, कुणी लष्कराच्या लिलावातली घेऊन हौसेने बांधून काढलेली. टाकीवर आरसा दिसावा असे पॉलिश असते, इंजिनाची आवाजावरून काळजी घेतलेली असते, सायलेन्सर चकाकत असतो. रामटेकला, खिंडसीला किंवा पेंचच्या रस्त्याला निघायची तयारी असते. मागच्या सीटवर बायको किंवा मुलगा असतो. पण या मालकाला विचारा, "दादा, टायर कधीचे आहेत?" तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "नक्षी तर शाबूत आहे ना!"

आज मला या उत्तराबद्दलच बोलायचे आहे. कारण जुन्या आणि अधूनमधूनच बाहेर निघणाऱ्या गाडीच्या बाबतीत नक्षी शाबूत असणे हा टायर चांगला असल्याचा पुरावा नव्हे. रोज चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. हौसेच्या गाडीचा टायर मात्र उभ्या उभ्या म्हातारा होतो, आणि त्याचे म्हातारपण पटकन दिसत नाही.

आधी हे लक्षात घेऊ की टायरवर एवढा भर का द्यायचा. मोटारसायकल रस्त्याला फक्त दोन ठिकाणी टेकते. त्यातली प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी. आपण कितीही चांगले ब्रेक लायनर घाला, ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती रबर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. चारचाकीचा एक टायर दगा देऊन गेला तर उरलेले तीन तिला बऱ्याच वेळा सावरून धरतात. दुचाकीला असा आधार नाही. त्यातही पुढचा टायर घसरला, तर भल्याभल्या चालकाला गाडी सावरता येत नाही.

रबर म्हातारे का होते? झाडाचा चीक वाळवून केलेले कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती शोधली आणि ते टिकाऊ, लवचीक झाले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली आणि हवा भरलेला टायर खऱ्या अर्थाने वापरात आला. तेव्हापासून टायर फार सुधारला. पण रबराचे दोन शत्रू तेच राहिले. एक ऊन आणि दुसरी हवाच, म्हणजे हवेतला प्राणवायू आणि ओझोन. त्यांच्यामुळे रबर हळूहळू कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. ते रोखण्यासाठी कारखान्यात रबरात काजळी मिसळतात. टायर काळा असतो तो याच काजळीमुळे. शिवाय एक प्रकारचे मेणही मिसळतात. टायर फिरताना दबतो, पसरतो, तसे हे मेण आतून पृष्ठभागावर येते आणि रबराला संरक्षण देते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की हे मेण वर येण्याचे काम मंदावते. म्हणजे "मी गाडी फार चालवत नाही, त्यामुळे टायर नवाच आहे" हा हिशेब उलटा आहे.

त्यात आपले नागपूर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे आपल्याला नवे नाही. हवाच एवढी तापलेली असताना उन्हात पडलेला डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा जमिनीवर, तेही स्टँडवर एकाच बाजूला भार देऊन उभ्या असलेल्या गाडीच्या टायरचे काय होत असेल, याची कल्पना करा.

मग टायरचे वय ओळखायचे कसे? त्याच्या जन्माची तारीख त्याच्या अंगावरच छापलेली असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लहानशा चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. समजा २३१८ असे आकडे आहेत, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झाला. चार आकड्यांची ही पद्धत २००० सालापासूनची. आपल्या टायरवर तीनच आकडे असतील, तर तो गेल्या शतकातला आहे. त्याची नक्षी कितीही देखणी असो, तो आजच काढा. अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असा असतो की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी बदलावा. मला विचाराल तर नागपूरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि डबलसीट प्रवास करणाऱ्या गाडीसाठी दहा वर्षे वाट पाहू नये. नखाने दाबून पाहा. रबर दगडासारखे लागते का? नक्षीच्या खाचांच्या तळाशी, किंवा टायर रिमला मिळतो तिथे केसासारख्या भेगा दिसतात का? तसे असेल तर वर्षे मोजत बसायची गरजच नाही.

आता नवा टायर घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न मापाचा. उदाहरणादाखल आपली जुनी बुलेटच घेऊ. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली ही गाडी २०१० च्या सुमारापर्यंत जुन्या कास्ट आयर्न इंजिनासह येत होती. तिच्या साध्या साडेतीनशे मॉडेलच्या दोन्ही चाकांचे माप ३.२५-१९ असे असे. याचा अर्थ टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. अलीकडचे टायर मिलिमीटरच्या भाषेत बोलतात. ९०/९०-१९ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिम तीच १९ इंचांची. जुन्या इंची टायरची उंची त्याच्या रुंदीएवढीच धरतात. सव्वातीन इंच म्हणजे साधारण ८३ मिलिमीटर. त्यामुळे उंचीत हे दोन टायर जवळजवळ सारखे भरतात. दुकानात जुने माप नसेल, तेव्हा हा हिशेब कामी येतो. मात्र शेवटचा आकडा, म्हणजे रिमचा, बदलून चालत नाही. नंतरच्या काही मॉडेलांचे मागचे चाक १८ इंची आहे. "बुलेटचा टायर द्या" एवढेच सांगितले, तर हा घोटाळा हमखास होतो. म्हणून दुकानात मॉडेलचे नाव सांगू नका, माप सांगा. तेही आपल्या रिमवर पाहून, कारण जुन्या गाडीची चाके मधल्या काळात कुणी बदललेलीही असू शकतात.

इथे एक मोह आडवा येतो, रुंद टायरचा. जाड टायर बसवला की गाडी भारदस्त दिसते हे खरे. पण जुन्या बुलेटची रिम अरुंद असते. रुंद टायर तिच्यात दाबून बसवला, की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा जास्त गोल होतो. म्हणजे पैसे जास्त रुंदीचे मोजायचे आणि रस्त्याला टेकायची जागा मात्र वाढत नाही. गाडी वळवायला जड होते. टायर चेनकव्हरला किंवा मडगार्डला घासण्याची भीती असते, आणि तेही नेमके मागे दुसरा माणूस बसून शॉकअब्सॉर्बर दबल्यावर. एक माप वर, म्हणजे मागे ३.५०, बहुतेक ठिकाणी चालून जाते. त्यापुढे जाण्यात शहाणपण नाही.

मापाच्या पुढे ५४ पी असे काहीतरी लिहिलेले असते. याकडे कुणी पाहत नाही, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे ते हेच. यातला आकडा भाराचा, अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. जुनी बुलेट तिथवर जातच नाही, तेव्हा अक्षराची चिंता नको. पण ५४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त २१२ किलो. हा भरपूर वाटतो ना? मग जरा हिशेब करू. गाडीचे वजन पेट्रोलसह पावणेदोनशे किलो धरा. त्यातले ९० एक किलो मागच्या चाकावर. चालक सत्तर किलोचा, त्याचा निम्म्याहून जास्त भार, म्हणजे ४०-४५ किलो, मागे. मागे बसणारी व्यक्ती पासष्ट किलोची, तिचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर, म्हणजे साठ. दोन्ही बाजूंच्या पिशव्या आणि कॅरियरवरचे सामान वीस किलो. बेरीज गेली २१० ते २१५ पर्यंत. म्हणजे ५४ आकड्याच्या टायरची ताकद इथेच संपली. वरून रस्त्यातला खड्डा आहेच. म्हणून डबलसीट आणि सामानासह प्रवास करणाऱ्याने मागच्या चाकाला जास्त भाराच्या आकड्याचा, जास्त प्लायचा टायर मागावा. जुन्या मापांत तसे टायर मिळतात. आकडा ५७ असेल तर २३० किलो, ६० असेल तर २५० किलो. पुढचा टायर घेतला तोच मागे टाकला, असे करू नये.

आता नक्षी. जुन्या गाड्यांना पुढे लांबट, उभ्या रेघांची नक्षी देण्याची पद्धत होती आणि तिला कारण आहे. पुढचे चाक दिशा धरते. उभ्या रेघा त्याला सरळ चालायला मदत करतात. मागचे चाक ओढते. त्याला तुकड्या-तुकड्यांची नक्षी जमिनीला चिकटवून धरते. डोंगरात आणि मातीत जाण्यासाठीचे जाड गोट्यांचे टायर दिसायला रुबाबदार, पण डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर त्यांचा आवाज येतो, ते थरथरतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी असते. आपले बहुतेक फिरणे पक्क्या रस्त्यावर असेल, तर साधी रस्त्याची नक्षी घ्यावी. नक्षीचे खरे काम पावसाळ्यात कळते. ती पाणी बाजूला सारते आणि रबर रस्त्याला भिडू देते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा उथळ असता कामा नये. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. पण ही कायद्याची शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात दूर जायचे असेल, तर खाच दोन मिलिमीटरवर आली तेव्हाच टायर बदलण्याचा विचार करावा.

विदर्भातल्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. आपले रस्ते सरळ आणि सपाट. वर्धा रोडने किंवा जबलपूरच्या बाजूने शेकडो किलोमीटर गाडी सरळच धावते. त्यामुळे टायर मधोमध झिजून चपटा होतो, कडा मात्र नव्या राहतात. मग वर्षातून एकदा चिखलदऱ्याला जायचे ठरते. घाटातल्या पहिल्याच वळणावर गाडी झुकवली, की चपट्या मध्यावरून ती एकदम कडेवर येते आणि पडल्यासारखी वाटते. चालक म्हणतो, हँडलचे बेअरिंग गेले. बेअरिंग बदलूनही फरक पडत नाही, कारण दोष टायरच्या आकारात असतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागून नीट पाहिले, की टायर गोल आहे की सपाट, हे सहज कळते.

आता हवेविषयी. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असा आपल्याकडे एक समज आहे. तो धोकादायक आहे. तापमान २० अंशांनी वाढले, तर ३० पौंड हवा साधारण ३३ पौंड होते. एवढी वाढ चांगला टायर सहज सोसतो. ती धरूनच तो बनवलेला असतो. उलट हवा कमी असेल, तर टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि जास्त उठते. तारेचा तुकडा आपण वारंवार वाकवला की तो गरम होतो ना, तसेच हे. आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतला धागा सुटू लागतो आणि मग टायर फुटतो. म्हणजे हवा कमी करून आपण जे टाळू पाहतो, तेच ओढवून घेतो. वर मघाशी सांगितलेला २१२ किलोंचा आकडाही पूर्ण हवा असतानाचाच. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची एवढी चर्चा झाली, की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. त्या रस्त्यावर दुचाकींना प्रवेश नाही, पण त्याने दिलेला धडा दुचाकींनाही लागू आहे: जुना टायर, कमी हवा, जास्त भार आणि तापलेला रस्ता हे चौघे एकत्र येऊ द्यायचे नाहीत. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. गाडीच्या पुस्तिकेत पुढची आणि मागची, एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळी हवा दिलेली असते; तीच भरावी. वाटेत टायर गरम असताना हवा वाढलेली दिसली, म्हणून ती सोडू नये.

टायर बसवतानाही काही गोष्टी आग्रहाने करून घ्याव्यात. आऱ्यांच्या चाकात ट्यूब लागतेच, कारण आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते. टायर ट्यूबलेस असला तरी आऱ्यांच्या साध्या रिमवर तो ट्यूबशिवाय चालत नाही. नव्या टायरमध्ये जुनी, चार ठिगळांची ट्यूब घालणे ही वाईट काटकसर आहे. ट्यूबचे पंक्चर बहुधा एकदम बसते, आणि ते चालत्या गाडीत पुढच्या चाकाला झाले तर काय होईल हे सांगायला नको. ट्यूब टायरच्याच मापाची हवी. रिमच्या आतली आऱ्यांवरून फिरणारी रबरी पट्टीही नवी घ्यावी. ती फार स्वस्त असते. टायर काढलेला असतानाच रिमला आतून गंज आहे का, आरे सैल आहेत का, हे पाहून घ्यावे. टायरवर बाण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने यावा. बसवून झाल्यावर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नाही तर टायर वाकडा बसला असे समजा. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा. नवा टायर गुळगुळीत असतो. जरा घासला गेला, की मग तो पकड धरतो.

राहता राहिली खरेदी. जुन्या मापांचे टायर पूर्वीसारखे खपत नाहीत, त्यामुळे ते दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेले असू शकतात. दुकानदार प्रेमाने म्हणेल, "भाऊ, घेऊन जा, एकदम कोरा आहे." कोरा असेलही, पण ताजा आहे का? आपल्या जवळच बुटीबोरीला सिएट कंपनीचा दुचाकी टायरचा मोठा कारखाना आहे, तरी कारखाना जवळ असल्याने माळ्यावरचा टायर ताजा होत नाही. ते चार आकडे दाखवायला सांगा. वर्षभरातला असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांचा असेल, तर दुकानदार सवलत देईल. पण ती सवलत टायरच्या गेलेल्या आयुष्याची किंमत आहे, हे समजून घ्या. आपल्याकडे २००९ च्या आदेशाने टायरांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, तेही पाहा. आणि पुन्हा रबर चढवलेला किंवा गोटा झालेल्या टायरवर खाचा कोरून नवा केलेला टायर दुचाकीला कधीही घेऊ नका, मग तो फुकट मिळाला तरी.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर ती आरटीओला दाखवून आणावी लागते, हे जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला माहीत आहे. त्या दिवशी आपण दिवे, हॉर्न, ब्रेक सारे काही ठीक करून नेतो. तीच नजर टायरकडे वर्षातून दोनदा वळवली, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पावसाच्या आधी, तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. एक ओले फडके आणि वाचायला चष्मा एवढे पुरे. फडक्याने टायरची भिंत पुसा आणि वाचा: माप काय, भार किती, जन्म कधीचा. आपली गाडी पन्नास वर्षांची असली तर ती अभिमानाची गोष्ट आहे. तिचे टायर मात्र पाच वर्षांच्या आतलेच असू द्या. मागच्या सीटवर जो कुणी विश्वासाने बसतो, त्याला गाडीचे वय विचारायचे नसते. त्याला घरी सुखरूप पोचायचे असते.